बदलीचा आकडा

सोमवारी सकाळी याकोमीननं झाउटहूक गावातल्या एकाही माणसाला घराबाहेर पडू दिलं नाही. भोंगा वाजला, समुद्र बांधावरून आत आला, पाणी खिडक्यांपर्यंत चढलं, आणि तरी कोणी मेलं नाही. तिनं संगणकावर पुन्हा एकदा वादळ आणलं. या खेपेला गावकऱ्यांचा हट्ट, म्हणजे तिच्या मॉडेलमधला त्या नावाचा आकडा, तिनं जाईल तेवढा वर चढवला. सगळं गाव आपापल्या खुर्चीत मख्ख बसून राहील अशी व्यवस्था केली. यंत्र थोडा वेळ घुमलं आणि खाली तीच ओळ उमटली : जीवितहानी जवळपास नाही, बांध उंच करण्याची गरज नाही. शेवटचा दशांशसुद्धा हलला नव्हता. कॉफीचा पेला तिच्या हातातच राहिला. आपण इतके दिवस जीव खाऊन जी दोरी ओढतो आहोत तिचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नाही, असं तिला वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ, श्वास घ्यायलाही न थांबता, दुसरं वाटलं, की हे कोणीतरी मुद्दाम केलं आहे.

गुरुवारी हीच ओळ जलमंडळापुढे जायची होती. ती वाचून मंडळ ठरवणार होतं, की झाउटहूकचा समुद्राकडचा बांध उंच करायचा, की तो आहे तसा ठेवून भोंगे आणि बसगाड्यांवर भागवायचं. आणि झाउटहूकला, त्याच बांधाच्या पायथ्याशी, विटांच्या बुटक्या घरात याकोमीनचे वडील मारिनुस एकटे राहत होते. याकोमीन काम करायची त्या पाण्याच्या संस्थेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी बोलून दाखवत नसे. पडदे उघडे आहेत म्हणून कोणी कोणाच्या घरात डोकावत नाही, तसं.

ही ओळ ज्या सामाईक चौकटीतून येत होती ती रचणं तीन वर्षं चाललं होतं. पाणी, माती, रस्ते, पैसा आणि माणसं अशा पाच शास्त्रांचे जाणकार एका टेबलाशी बसवायचे आणि सगळ्यांच्या मॉडेलांची मिळून एकच साखळी करायची, एवढंच काम. पण पहिलं वर्ष नुसतं शब्दांवर भांडण्यात गेलं. पूर म्हटलं की पाण्याच्या बाउकेला खोली दिसे, पैशाच्या रोखिरला नुकसान दिसे, आणि माणसांच्या याकोमीनला दारात उभी राहून शेजाऱ्याच्या दाराकडे बघणारी एक बाई दिसे. शेवटी प्रमुख हेस्तर उठली. काचेच्या भिंतीवर निळ्या शाईनं तिनं पाच चौकोन काढले, ते बाणांनी जोडले आणि नियम घातला. ज्याच्या डब्यात जे शिजतंय ते ज्याचं त्यानं बघावं, दुसऱ्यानं झाकण उघडायचं नाही. बाहेर यावा फक्त ठरलेला आकडा, ठरलेल्या रूपात. आणि ज्याचा डबा अजून तयार नाही त्याच्यासाठी साखळी अडून राहू नये म्हणून त्याच्या जागी एक बदली आकडा बसवावा, गिरणीत बदली कामगार घेतात तसा. माणसांच्या डब्याचा बदली आकडा हेस्तरनंच सुचवला होता. भोंगा वाजला की शंभरातले शंभर जण घर सोडतात. सगळे हसले होते. "लोक इतके शहाणे असते तर आपण कशाला लागलो असतो?" असं रोखिर म्हणालासुद्धा. तरी तो आकडा बसला, कारण तो तात्पुरता होता, आणि तात्पुरत्या गोष्टीला हरकत घेणारा माणूस सगळ्यांनाच नकोसा होतो.

तोच अजून बसलेला होता. दुपारपर्यंत तिनं खणून खणून ते शोधून काढलं. तिचं मॉडेल जागच्या जागी होतं, चालतही होतं. झाउटहूकच्या घराघरांत हिंडून तिनं जमवलेली माणसं त्यात रोज घाबरत होती, हटून बसत होती, शेजाऱ्याकडे बघत होती. त्यांचा आकडा रोज इमानेइतबारे दारापर्यंत येत होता आणि दाराबाहेर तो घ्यायला कोणी नव्हतं. रस्त्यांचा डबा बदली आकडा उचलत होता. शंभरातले शंभर. तिला एकदम आठवायला लागलं. मागच्या हिवाळ्यापासून कॉफीच्या यंत्रापाशी ती पोचली की हवापाण्याच्या गप्पा सुरू व्हायच्या. बाउके न मागता तिच्यासाठी कॉफी आणायला लागला होता. हेस्तर पाहुण्यांना सांगायची, "याकोमीनमुळे आमची चौकट किती संपन्न झाली!" आणि पाहुणे मान डोलवायचे, आणि याकोमीनला, मूर्खासारखं, बरं वाटायचं. आता त्या प्रत्येक कॉफीची चव तिच्या जिभेवर बदलत चालली. बाउके वाईट माणूस नव्हता. पण वाईट नसलेली माणसंच असली कामं नीट करतात, असं तिच्या मनानं घेतलं. काचेच्या भिंतीपाशी जाऊन तिनं निरखून पाहिलं. तिच्या चौकोनातून बाहेर जाणारा बाण होता, पण फिकट. पुसला होता की ऊन लागून विटला होता, ते बोट फिरवूनही कळेना.

त्यात नेमका बाउकेचा वाढदिवस. रिवाजाप्रमाणे केक त्यानंच आणलेला, सफरचंदाचा, आणि सगळे खुर्च्या गोल मांडून बसलेले. आत येणारा प्रत्येक जण आधी बाउकेचं आणि मग एकेका खुर्चीपुढे जाऊन बाकीच्यांचंही अभिनंदन करत होता, बाउके जन्माला आला यात सगळ्यांचाच हात असल्यासारखं. याकोमीननंही हात मिळवले. रोखिरचा हात गरम होता. हेस्तरनं तिचा हात नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ धरून ठेवला. का?

"अगं, माझ्या वाढदिवसाला तरी कपाळावरच्या आठ्या घरी ठेवून येत जा," बाउके बशी पुढे करत म्हणाला. धिप्पाड, उत्तरेकडचा, मऊ बोलायचं ठरवलं तरी त्याचा आवाज खोलीभर व्हायचा.

"माझा डबा साखळीतून कोणी सुटा केला, बाउके?"

त्यानं चमचा खाली ठेवला. गोलातल्या गप्पा थांबल्या नाहीत, पण पातळ झाल्या. "अरेच्चा! तुला माहीत नाही? मला वाटलं हेस्तरनं सांगितलं असेल."

"काय माहीत नाही?"

"तुझं मॉडेल जोडलं की सगळी साखळी वेडी होते गं. तुझी माणसं निघतात, मग शेजारी निघाला नाही म्हणून परत फिरतात. रस्ते तुंबतात, बसगाड्या अडकतात. पुन्हा निघतात. दिवसभर चालवलं तरी आकडा एका जागी थांबायचं नाव नाही. मग तोवर बदलीवरच चालवायचं असं ठरलं."

"कोणी ठरवलं?"

"ठरलं. नोव्हेंबरच्या बैठकीत. तू होतीस की! मान हलवलीस."

ठरलं. हा शब्द ती जन्मापासून ऐकत आली होती. इथे कोणी काही ठरवत नाही. माणसं बसतात, कॉफी पितात, कोणाची हरकत आहे का असं विचारलं जातं, थोडी शांतता होते, आणि मग झाडावरचं फळ पिकून पडावं तसं ते आपोआप ठरतं. नोव्हेंबरची ती बैठक तिनं आठवून पाहिली. पावसानं धुरकटलेल्या खिडक्या होत्या, रोखिरचा लाल स्वेटर होता. आपली मान हलल्याचं काही तिला आठवेना. पण ती हलली असेल. तिची मान हलायचीच.

मंगळवारी ती हेस्तरच्या खोलीत गेली. हेस्तरनं कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा उघडला, एक बिस्कीट दिलं, आणि डबा बंद केला नाही. याकोमीननं उघड्या झाकणाकडे पाहिलं. एकावर डबा बंद होतो, ही जगाची रीत. दुसरं बिस्कीट पुढे आलं की समजावं, काहीतरी बिनसलंय.

"मला वाटलं बाउकेनं सांगितलंय तुला," हेस्तर म्हणाली.

"बाउकेला वाटलं तू सांगितलंयस."

"बघ ना, कसं असतं!" ती खरंच ओशाळल्यासारखी दिसली. दोघांची उत्तरं एकमेकांत इतकी नेमकी बसत होती की याकोमीनला ती आधी मापून कापल्यासारखी वाटली. "गुरुवारनंतर जोडू ना तुझं. शांतपणे, नीट. आणि एक सांगू का, रागवू नकोस. झाउटहूकला तुझे वडील आहेत. उद्या तुझ्या आकड्यानं बांध उंच झाला तर कोणी असं म्हणायला नको..."

"काय म्हणायला नको?"

"की लेकीनं बापासाठी बांध बांधून घेतला."

"कोण म्हणतंय?"

"कोणीच नाही गं. पण म्हणतील." हेस्तरनं डबा तिच्याकडे आणखी सरकवला. "घे ना अजून एक."

म्हणजे तेही तिच्यावर संशय घेत होते. ती त्यांच्यावर आणि ते तिच्यावर, मधे बिस्किटांचा डबा. सायकलवरून घरी जाताना वारा समोरून येत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते वाऱ्याचंच आहे असं ती स्वतःला बजावत होती. कारण हेस्तरनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. तिच्या मॉडेलमधला हट्ट हा आकडा मुळात आला होता बाबांकडूनच. दोन हिवाळ्यांपूर्वीच्या वादळात गावात भोंगा वाजला, समुद्रापासून लांबच्या शहरातल्या शाळेत जा असं सांगत गाडी फिरली, आणि मारिनुस गेले नाहीत. सकाळी शेजारच्या तान्ना काकूंनी फोनवर सांगितलं होतं, "तुझा बाप हललाच नाही बाई खुर्चीतून. घरातल्या घरात कोट घालून बसला होता." याकोमीन हसली होती. कोट कशाला, तर घर तापवायचा गॅस वाचवायला. म्हाताऱ्यांचं सगळ्यांचंच तसं. बांध टिकला म्हणून हसता आलं होतं. पुढे ती गावात दारोदार फिरली तेव्हा अशी न हललेली माणसं जागोजागी निघाली, आणि त्या सगळ्यांच्या बसून राहण्याला अहवालात तिनं एक लांबलचक सभ्य नाव दिलं. मॉडेलच्या आत मात्र हट्ट असंच लिहिलं. लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे बाबांची हनुवटी होती.

त्या हनुवटीशी तिचं लहानपणापासून भांडण. बाबा कोणावर विश्वास ठेवत नसत. सरकारवर नाही, हवामान सांगणाऱ्यावर नाही, पावाच्या पिशवीवर छापलेल्या वजनावरही नाही. आपण तशा नाही असं ती समजत आली होती. त्यांच्या वाढदिवसाला सगळे गोल बसले की दरवर्षी तीच गोष्ट व्हायची, ते आठ वर्षांचे असतानाच्या मोठ्या पुराची. चर्चची घंटा वाजायला लागली, आजोबा म्हणाले, कुठेतरी आग लागली असेल, आणि कूस वळवून झोपले. घंटा वाजतच राहिली. मग वाऱ्यातून सायकल मारत कोर मामा आला आणि त्यानं खिडकीची झडप लाथेनं तोडली. "तेव्हा उठलो," बाबा म्हणायचे. "शेजारच्यांकडे कोणी आलं नाही." मग आई केक कापायला घ्यायची. याकोमीनला ही गोष्ट तोंडपाठ होती, आणि तोंडपाठ गोष्टीकडे कोणाचं लक्ष असतं?

बुधवारी ती बसनं झाउटहूकला गेली. मनात हिशेब सरळ होता. बाबांकडून वदवून घ्यायचं, की पुन्हा वादळ आलं तरी मी जाणार नाही. ते फोनमध्ये नोंदवून घ्यायचं आणि गुरुवारी सगळ्यांच्या तोंडावर वाजवायचं. मग म्हणा काय म्हणायचं ते.

मारिनुस मागच्या पडवीत कांदे निवडत होते. त्यांनी वर पाहिलं, मग तिच्या पाठीमागे दाराकडे पाहिलं, आणखी कोणी आलंय की काय म्हणून.

"आज बुधवार," ते म्हणाले. "तू रविवारी येतेस."

"सहज आले, बाबा."

"सहज! कोणी मेलंय का?"

"नाही हो."

"मग घर विकायला सांगायला आलीयेस."

"नाही म्हटलं ना! कॉफी करू का?"

तिनं कॉफी केली. येताना आणलेले चिकट, दालचिनीचे बोलस पाव तिनं बशीत काढले, आणि ते बघून त्यांचा संशय आणखी वाढला. ते मुकाट्यानं एक खात राहिले. बोटं चाटली. खिडकीबाहेर बांध होता, आभाळ अर्धं अडवून; त्याच्या माथ्यावर मेंढ्या चरत होत्या. समुद्र दिसत नव्हता. इथून तो कधीच दिसत नसे, नुसता असायचा.

"बाबा, त्या वादळात भोंगा ऐकला होतात ना तुम्ही?"

"मी काय बहिरा आहे?"

"मग गेला का नाहीत?" फोन तिनं टेबलावर उपडा ठेवला होता. आत आवाज नोंदला जात होता.

"तुझा फोन आला नाही म्हणून."

तिला वाटलं, ते भलतंच काही बोलताहेत. "माझा?"

"मग कोणाचा? तू त्या पाण्याच्या संस्थेत. तिथे तुम्हाला सगळं आधी कळतं. मी म्हटलं, खरंच काही असेल तर पोरगी फोन करेल. कोट घातला, बूट घातले, औषधांची पिशवी मांडीवर घेतली आणि बसलो फोनशेजारी." कांद्याचं एक साल त्यांच्या बाहीला चिकटलं होतं, ते त्यांनी काढलं. "भोंग्याचं काय घेऊन बसलीस? भोंगा सगळ्यांसाठी वाजतो."

"आणि मी फोन केला असता तर?"

"तर निघालो असतो. तान्नालाही उठवलं असतं. ती तर काय, तिच्या खिडकीतून माझ्याकडे बघत बसलेली, मी निघतोय का म्हणून." त्यांनी तान्नाच्या घराकडे बोट केलं. "ती बसली म्हणून पलीकडचे बसले."

याकोमीनला ती संध्याकाळ आठवली. बाउकेचे आकडे तिनं पाहिले होते. पाणी बांधाच्या माथ्याच्या हातभर खाली थांबणार होतं, आणि थांबलंही. फोन तिनं हातात घेतला होता, आणि म्हाताऱ्या माणसाला उगीच कशाला घाबरवा म्हणून खाली ठेवला होता. मग ती झोपली होती. गाढ. आणि इथे हा माणूस बूट घालून बसला होता, आठ वर्षांचं पोर होऊन, खिडकीची झडप कोण तोडतंय याची वाट बघत.  ज्याला ती वर्षानुवर्षं हट्ट म्हणत आली, जो तिनं मोजला, ज्याच्यावर व्याख्यानं दिली, तो हट्ट नव्हताच. ती माणसं वाट बघत होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कॉफीचे पेले विसळायचं निमित्त करून ती उठली.

"तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत, बाबा."

"तू कधी विचारलंस? वादळानंतर आलीस ती हसतच आलीस." मग जरा वेळानं, पाठीमागून, "खरं सांग, कशाला आलीस?"

परतीच्या बसमध्ये तिनं त्यांच्यावरही संशय घेऊन पाहिला, सवय होती. म्हाताऱ्यानं आत्ता, बसल्या बसल्या रचलं असेल. लेकीच्या माथी मारायला बरं. पण कोट? कोट तान्ना काकूंनी पाहिला होता, आणि दुसऱ्याच दिवशी सांगितला होता. फोनमधला नोंदलेला आवाज तिनं ऐकला नाही, पुसून टाकला. तो वाजवला असता तर गुरुवारी ती जिंकलीही असती, आणि ते जिंकणं खोटं झालं असतं.

गुरुवारी, अहवाल जलमंडळाकडे जाण्याआधी, टेबलाशी सगळे होते. हेस्तरनं अहवालाचं शेवटचं पान वाचलं, चष्मा काढला आणि रोजच्या आवाजात विचारलं, "कोणाची हरकत?" ती नेहमीची छोटी शांतता सुरू झाली. याकोमीनला ती आतून दिसली, एखाद्या खोलीसारखी. तिथे उभं राहायला जागा होती हे तिला आजवर कळलं नव्हतं.

"माझी आहे," ती म्हणाली. "झाउटहूकचा आकडा चुकीचा आहे. भोंग्यावर शंभरातले शंभर निघत नाहीत."

रोखिरनं पेन खाली ठेवलं. "आलं लक्षात. म्हणजे तुझा आकडा घ्यायचा. वडील आहेत ना तिथे?"

"हो, आहेत. आणि माझाही चुकीचा आहे."

आता जी शांतता झाली ती कोणाच्याच सवयीची नव्हती. तिच्याशी भांडायची तयारी करून आलेली माणसं एकदम रिकाम्या हाताची झाली.

"मग बरोबर काय?" हेस्तरनं विचारलं.

"माहीत नाही. मी माणसं एकेका घरात बंद करून मोजली. ती बाहेरच्या कोणाची तरी वाट बघत असतात, आणि ते कोणी त्या गावात नसतं, आपल्या चौकटीतही नसतं. ते तुझ्यामाझ्यासारखं दूर कुठेतरी झोपलेलं असतं." तिचा आवाज कापला, आणि तिनं तो कापू दिला. "जलमंडळाला सांग, आम्हाला अजून कळलेलं नाही. बांध नको ही ओळ जाणार असेल तर माझं नाव काढून टाक."

हेस्तर काही बोलणार तेवढ्यात बाउकेनं खुर्ची मागे सरकवली. "मग पाण्याचंही काढ," तो म्हणाला. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही. हे मैत्रीतून आलं, की त्याच्याही आकड्यात काही खोट होती आणि त्याला हवंच होतं असं निमित्त, ते तिला कळलं नाही, आणि पुढेही कधी कळणार नव्हतं.

ती ओळ अहवालातून काढली गेली. झाउटहूकचा निर्णय पुढच्या वर्षावर गेला. मधला हिवाळा तसाच, जुन्या बांधाच्या भरवशावर काढायचा होता. बैठक संपल्यावर हेस्तरनं बिस्किटांचा डबा फिरवला, एकेक दिलं, आणि झाकण घट्ट लावलं. याकोमीनला बरं वाटलं. ती काचेच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. निळं पेन तिनं हातात घेतलं, पण बाण कुठून कुठे काढायचा ते सुचेना. जिथून तो निघायला हवा होता तिथे चौकोनच नव्हता. मग पेन ठेवून तिनं फोन काढला.

भर दुपार होती, गुरुवार होता, ऊन पडलं होतं. तिकडे पहिली घंटा पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

"बाबा, मी बोलतेय."

"निघू?" मारिनुस म्हणाले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग हँगर खळखळला. "थांब, कोट घालतो."

"नको, बाबा. काही झालेलं नाही. नुसताच केला."

पलीकडे हँगर खळखळायचा थांबला. मग त्यांचा आवाज आला, हळू, संशयानं भरलेला.

"नुसताच? नुसताच कोण फोन करतं? खरं सांग, पाणी कुठवर आलंय?"